'गिरासे' आडनावाचा उगम आणि प्रसार : तापीखोऱ्यातील एका हक्कवाचक शब्दाचा मागोवा

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील कोणत्याही महाविद्यालयाचे हजेरीपुस्तक उघडले, तर 'पाटील', 'सोनवणे', 'देसले', 'वळवी', 'पाडवी' या नावांच्या रांगेत 'गिरासे' हे आडनाव हमखास आढळते. शिंदखेडा, शिरपूर, शहादा व नंदुरबार या तालुक्यांत ते इतके परिचयाचे आहे की त्याविषयी कोणाला कुतूहलही वाटत नाही. परंतु हेच आडनाव सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाने ऐकले तर तो ते पुन्हा एकदा विचारून घेतो. पूर्व खानदेशातही, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, ते तुलनेने विरळ आहे. एका नदीच्या खोऱ्यातील मोजक्या तालुक्यांत दाट आणि त्याबाहेर दुर्मीळ असे हे आडनाव असून, त्याच्या या मर्यादित भूगोलातच त्याच्या इतिहासाचे रहस्य दडलेले आहे.

आडनावांचा अभ्यास हा केवळ हौसेचा विषय नव्हे, याची जाण महाराष्ट्राला, आणि त्यातही धुळे शहराला, फार पूर्वीपासून आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी नामांची, स्थलनामांची व आडनावांची व्युत्पत्ती हे वसाहतीच्या इतिहासाचे साधन मानले. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यातच झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांची व्युत्पत्तिविषयक टिपणे प्रसिद्ध केली. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ती आज मान्य होणार नाहीत. पण नावात माणसांच्या स्थलांतराची व अधिकारांची नोंद शिल्लक राहते हे त्यांचे मूळ सूत्र अद्याप कामाचे आहे.

शब्दाची घडण

'गिरासे' या आडनावाच्या मुळाशी 'गिरास' हा शब्द असून तो संस्कृत 'ग्रास' या शब्दाचे तद्भव रूप आहे. ग्रास म्हणजे घास, एका वेळी तोंडात मावेल एवढे अन्न. जोडाक्षराच्या मध्ये स्वर घालून उच्चार सुलभ करण्याची प्रवृत्ती मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत जुनी आहे. 'ग्राहक' या शब्दाचे मराठीत 'गिऱ्हाईक' झाले, त्याच वाटेने 'ग्रास'चे 'गिरास' झाले. गुजरातीत 'गिरास' व 'गरास' अशी दोन्ही रूपे चालतात. गिरास ज्याच्याकडे आहे तो गुजरातेत गिरासियो, गरासियो किंवा गिरासदार ठरतो.

आडनावाच्या शेवटी असलेला 'ए' मात्र मराठीचा आहे. शिंदे, मोरे, भोसले, घोरपडे या नावांतील अन्त्य 'ए' मुळात आदरार्थी अनेकवचनाचा आहे. त्याच साच्यात बसून 'गिरासे' हे रूप सिद्ध झाले, म्हणजे गुजरात-माळव्याकडील शब्द आणि मराठी प्रत्यय यांचा हा संयोग आहे. सीमेवरच्या प्रदेशात याहून वेगळे काय घडणार?

'गिरि' म्हणजे डोंगर या शब्दाशी हे आडनाव जोडण्याचा मोह होतो, कारण सातपुडा दृष्टीच्या टप्प्यात आहे आणि 'डोंगरात राहणारे ते गिरासे' हे स्पष्टीकरण कानाला पटते. पण या आडनावाची जुनी गावे डोंगरात नसून तापी, पांझरा व बुराई या नद्यांच्या काळ्या जमिनीत आहेत. शिवाय 'गिरास' हा स्वतंत्र शब्द महसुली व्यवहारात शतकानुशतके वापरात होता. त्यामुळे डोंगराची व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती म्हणून बाजूला ठेवणे इष्ट होय.

घासापासून खंडणीपर्यंत

'घास' या अर्थाचा शब्द जमिनीच्या हक्काला कसा लागला, हा या आडनावाच्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक भाग आहे. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांचा 'रासमाला' हा गुजरातच्या इतिहासावरील ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. प्रारंभी 'ग्रास' हा शब्द देवस्थानांना व धर्मकार्याला दिलेल्या जमिनींसाठी वापरला जाई. पुढे राजपूत सत्ताधाऱ्याच्या धाकट्या मुलांना उदरनिर्वाहासाठी तोडून दिलेल्या गावांना तो लागू झाला. थोरल्याला गादी आणि धाकट्याला घास, अशी ही वाटणी होती. मराठीतही 'ताटातला घास' हा शब्दप्रयोग हक्काच्या वाट्यासाठी होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अर्थविस्ताराचे नवल वाटत नाही. तिसऱ्या अवस्थेत हा शब्द खाली घसरला. शेजारच्या गावाने आपल्याला लुटू नये म्हणून एखाद्या बलिष्ठ सरदाराला दरसाल द्यावयाची रक्कम, तीही गिरासच म्हटली जाऊ लागली. एकेकाळी सत्ताधारी कुळातील धाकटी पाती असा अर्थ सांगणारी मानाची पदवी काही मुलखांत लुटारू या अर्थाने उच्चारली जाऊ लागली. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात या शब्दाला स्वतंत्र नोंद मिळाली, तीही फोर्ब्स यांच्याच आधाराने.

या घसरणीचे कारण माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा राज्यव्यवहारात शोधणे अधिक न्याय्य ठरेल. अहमदाबाद वसविणाऱ्या अहमदशहाच्या (१४११–१४४२) काळात गुजरातेतील राजपूत जमीनदारांशी एक तडजोड झाल्याचे 'मिरात-ए-अहमदी' हा अठराव्या शतकातील फार्सी ग्रंथ सांगतो. गावाच्या जमिनीचे चार भाग करून तीन सरकारने घ्यावेत व एक जमीनदाराकडे ठेवावा, अशी ती तडजोड होती. सरकारी भागास 'तळपद' व जमीनदाराच्या भागास 'वांटा' म्हणत. पुढे सुलतान तिसरा महमूद (१५३७–१५५४) याने हे वांटे काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गिरासियांनी बंडाळी केली. जमीन गेली, पण हक्काची आठवण आणि हाती असलेली तलवार राहिली. मग गेलेल्या वाट्याची भरपाई गावांकडून रोख स्वरूपात वसूल होऊ लागली. राजसत्ता दुर्बल झाली की ही वसुली वाढे, प्रबळ झाली की आटे. ज्याला सरकारी कागद खंडणी म्हणतो, त्याला घेणारा वडिलोपार्जित वाटा समजतो, हा तिढा गुजरात, माळवा व खानदेश या तिन्ही प्रांतांत सारखाच दिसतो.

ब्रिटिशांनी हा तिढा आपल्या पद्धतीने सोडविला. १८१८ नंतर सर जॉन माल्कम यांनी माळव्यातील अशा सरदारांच्या मागण्या ठरावीक रकमेत बांधून दिल्या. सुरत, भरूच व खेडा या जिल्ह्यांत कंपनी सरकारने गिरासियांना गावात जाऊन वसुली करण्यास मनाई केली व ती रक्कम स्वतःच्या खजिन्यातून देण्यास प्रारंभ केला. या रोख हक्काला 'तोडा गिरास' असे नाव होते आणि त्यासंबंधी मुंबई सरकारने १८८७ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. खंडणी मागणारा माणूस अशा रीतीने सरकारी तिजोरीचा मानकरी झाला. काठेवाडात हा हक्क स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत टिकून राहिला आणि १९५१ च्या सौराष्ट्र जमीन सुधारणा कायद्याने गिरासदारी संपुष्टात आली.

तापीचे खोरे आणि गुजरातची सीमा

आता प्रश्न उरतो तो हा की, गुजरातच्या महसुली भाषेतला हा शब्द मराठी मुलखात आडनाव होऊन नेमका पश्चिम खानदेशातच का स्थिरावला? त्याचे उत्तर जुन्या राजकीय सीमांत मिळते.

आज खानदेश म्हटले की जळगाव, धुळे व नंदुरबार असा एकसंध पट्टा डोळ्यांसमोर येतो. परंतु फारुकी राजवटीच्या काळात (१३८२–१६०१) तो तसा नव्हता. थाळनेर, अशीरगड व बऱ्हाणपूर ही फारुकींची मुख्य ठाणी होत. नंदुरबार व सुलतानपूर हे पश्चिमेकडील परगणे मात्र दीर्घकाळ गुजरातच्या सुलतानांकडे होते. ते मिळविण्यासाठी फारुकींनी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रयत्न केले, लढायाही झाल्या. आणि सोळाव्या शतकात तिसऱ्या महमूदच्या काळात ते खानदेशाकडे आले. पुढे मोगल अमलात 'आईन-ए-अकबरी'मध्ये नंदुरबार सरकारची नोंद आढळते ती खानदेश सुभ्यात नव्हे, तर माळवा सुभ्यात. म्हणजे आजच्या गिरासे वस्तीचा पश्चिमेकडील मोठा भाग प्रथम गुजरात व नंतर माळवा या, गिरास हक्क रुजलेल्या, दोन प्रांतांच्या कारभाराखाली राहिला. पूर्वेकडील रावेर, यावल, एरंडोल हा मुलूख त्या कारभारात नव्हता. गिरासे हे आडनाव पश्चिमेस दाट व पूर्वेस विरळ का, याची संगती या सीमारेषेने लागते.

सुरत–बऱ्हाणपूर हा तापीकाठचा व्यापारी मार्ग याच पट्ट्यातून जाई. मालाने लादलेले तांडे, नदीचे उतार, उत्तरेला सातपुड्याच्या खिंडी आणि तेथील भिल्ल नाईक, अशा मुलखात मार्गाचे रक्षण करणाऱ्या सशस्त्र घराण्याला मोल होते. रक्षणाचा मोबदला आणि उपद्रव न देण्याचा मोबदला यांतील रेषा अशा ठिकाणी पुसट असते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर धुळ्यात मुख्य ठाणे करून बसलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी भिल्ल नाईकांना तनखे देऊन घाटरक्षणाचे काम सोपविले, यामागेही हेच गणित होते.

गिरासे घराण्यांची स्वतःची परंपरा आपले मूळ राजस्थानात, विशेषतः मेवाडात सांगते. चितोडचा पाडाव (१३०३) व त्यानंतरचे स्थलांतर हा या कथांचा ठरलेला प्रारंभबिंदू असतो. वंशावळी भाटांच्या वह्यांत असून त्यांत कुळ, शाखा व गावे यांची नोंद असते. या वह्या ऐतिहासिक साधन म्हणून सावधपणे वापरावयास हव्यात; पिढ्यांची संख्या व दरम्यानची वर्षे यांचा मेळ घालून पाहिला की त्यांतील गाळलेल्या जागा उघड होतात. तरीही कोणते घराणे कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले, याबाबतीत त्यांच्याइतका तपशील अन्य कोणत्याही साधनात नाही.

पदवीचे आडनाव

हक्काचे नाव हे लगेच आडनाव होत नाही. ब्रिटिशपूर्व काळात व्यक्तीची ओळख स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव व कूळ यांनी होत असे. जमीनमोजणी, खातेवही, न्यायालय व शाळा या चार ठिकाणी सरकारी कारकुनाने 'आडनाव काय?' असे विचारण्यास सुरुवात केली, तेव्हा उत्तर म्हणून अनेकांनी आपला हुद्दा सांगितला. 'पाटील' या आडनावाचा खानदेशात झालेला विस्फोट हा याच प्रक्रियेचा परिणाम आहे. गावची पाटीलकी एका घराकडे असली तरी तिचे नाव सर्व भाऊबंदांनी घेतले. महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. आडनाव मात्र आजही वाढतच आहे.

राजपुतांच्या बाबतीत या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे उपलब्ध होती. ज्यांच्याकडे जहागिरी होती अशा दोंडाईच्यासारख्या ठिकाणच्या घराण्यांनी 'रावल' ही पदवी आडनाव म्हणून धारण केली. गावची पाटीलकी असलेले 'पाटील' झाले. काहींनी 'सिसोदिया'सारखे कुळाचे नाव लावले, काहींनी नुसते 'राजपूत' लिहिले, आणि उरलेल्या मोठ्या समूहाने 'गिरासे' हे नाव घेतले. एकाच भाऊबंदकीतील दोन शाखा दोन आडनावे लावतात, हे त्यामुळेच. उत्तर भारतात आडनावाच्या जागी येणारे 'सिंह' येथे नावाला जोडून 'सिंग' झाले व प्रथमनामाचा भाग बनून राहिले. 'प्रतापसिंग', 'मानसिंग' अशा नावांपुढे 'गिरासे' येते. विद्यापीठाच्या संगणकीय अर्जात मात्र कधीकधी हा 'सिंग' तुटून वेगळ्या रकान्यात जाऊन बसतो आणि गुणपत्रिकेवर भलतेच आडनाव छापून येते. महाविद्यालयीन लिपिकांना ही डोकेदुखी नवी नाही.

एक उगम की अनेक?

दुर्मीळ आडनावाविषयी अभ्यासक प्रथम हाच प्रश्न विचारतात. इंग्लंडमध्ये अशा अभ्यासाची परंपरा मोठी असून एकेका आडनावाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांची संघटना तेथे १९७९ मध्ये स्थापन झाली. १८८१ च्या शिरगणतीतील नावे नकाशावर मांडली की बरीच दुर्मीळ आडनावे एखाद्या परगण्यात किंवा दोन-चार गावांभोवती एकवटलेली दिसतात. २००० मध्ये ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे आनुवंशिक परीक्षण करून दाखविले की, त्यांतील निम्म्याच्या आसपास पुरुषांमध्ये एकच पितृवंशीय खूण आहे. तेथपर्यंत 'साइक्स' म्हणजे ओहोळ, आणि ओहोळ अनेक असल्यामुळे आडनावाचे उगमही अनेक, असेच मानले जात होते.

'गिरासे' या नावाशी अधिक जवळचे इंग्रजी उदाहरण म्हणजे 'वाव्हासूर' हे अत्यंत विरळ आडनाव. सरंजामदाराच्या हाताखालचा सरंजामदार, असा त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ. यॉर्कशायरमधील हेझलवूड येथील घराण्याने ही पदवी आडनाव म्हणून धारण केली व शतकानुशतके तिथेच राहून ती टिकवली. जमीनधारणेच्या श्रेणीतील मधल्या पायरीचे नाव व्यक्तीला चिकटावे, ती श्रेणी नष्ट व्हावी आणि नाव मात्र उरावे, हा प्रवास दोन्हीकडे सारखा आहे. फरक आहे तो विस्ताराचा. वाव्हासूर मुख्यतः एका घराण्याभोवती राहिले, गिरासे मात्र एका वंशाचे नाव नाही. या आडनावाखाली भिन्न कुळे व गोत्रे नांदतात. विवाहसंबंध जुळविताना पाहिले जाते ते कूळ. त्यामुळे वधू व वर दोन्हीकडचे आडनाव गिरासे असणे यात काहीही वावगे मानले जात नाही. लग्नपत्रिकेवर दोन्ही बाजूंस एकच आडनाव पाहून बाहेरचा वाचक गोंधळतो, पण आडनाव ही पदवी आहे आणि कूळ हा वंश आहे, एवढे ध्यानात घेतले की गोंधळ उरत नाही.

नामसाधर्म्य आणि जातप्रमाणपत्र

हा भेद केवळ विद्वत्तेचा नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीवर काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचा प्रत्यक्ष सामना करावा लागतो. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल या शीर्षकाखाली 'भिल्ल गरासिया', 'डुंगरी गरासिया' व 'रावल भिल्ल' यांची नावे आहेत. राजस्थानच्या यादीत 'गरासिया' ही जमात असून तिच्यापुढे 'राजपूत गरासिया वगळून' असा स्पष्ट खुलासा कायद्यानेच केला आहे. एकच शब्द एकीकडे अरवलीतील आदिवासी समाजाचे नाव आणि दुसरीकडे राजपूत जमीनदाराची पदवी असल्यामुळे तो खुलासा आवश्यक ठरला. 'रावल' या शब्दाचेही तेच. जहागीरदाराचे आडनाव आणि भिल्लांच्या एका शाखेचे नाव यांत अक्षरांचे साम्य आहे.

असे का झाले, याचे उत्तर वर आलेल्या इतिहासातच आहे. गिरास हा जातीचा गुण नसून हक्क होता. डोंगराळ मुलखात तो हक्क ज्याच्या हाती आला, मग तो राजपूत असो वा भिल्ल, त्याला ते नाव लागले. त्यामुळे आडनावावरून समाज ठरविणे दोन्ही दिशांनी धोक्याचे आहे. नामसाधर्म्याचा लाभ घेऊन आरक्षित जागेवर दावा सांगितला गेला तर खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची जागा जाते. आणि आडनाव उच्चवर्णीय वाटले म्हणून एखाद्या खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिले गेले तर त्याचे शिक्षणच खुंटते. सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली आणि महाराष्ट्राने २००० चा जातप्रमाणपत्र अधिनियम करून तिला कायद्याचे रूप दिले. 'ठाकूर' या, अशाच दुहेरी अर्थाच्या, नावाच्या जमातीसंबंधी २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयात त्याच न्यायालयाने राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना अधिक वजन दिले आणि चालीरीतींवर आधारित आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नसल्याचे म्हटले. शाळेच्या जुन्या दाखला-नोंदवहीतील एक ओळ येथे आडनावाच्या सगळ्या व्युत्पत्तीपेक्षा मोलाची ठरते. या नोंदवह्या अनेक ठिकाणी वाळवीच्या तोंडी आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रसार

विसाव्या शतकाच्या प्रारंभी तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने दोंडाईचा व नंदुरबार ही गावे थेट सुरतेला जोडली. नोकरीनिमित्त गिरासे कुटुंबे प्रथम धुळे, नाशिक, पुणे व मुंबईकडे गेली. शिक्षण, पोलीस व सैन्य ही त्यांची नेहमीची क्षेत्रे. पण मोठा ओघ राहिला तो पश्चिमेकडे. अवर्षण, तुटपुंजी जमीन आणि सुरतेच्या कापड उद्योगातील रोजगार यांमुळे खानदेशातील सर्वच समाजांची हजारो कुटुंबे उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झाली आणि त्यांत गिरासेही होते. भारताच्या जनगणनेत आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध होत नसल्याने या प्रसाराचे मोजमाप मतदारयाद्यांवरूनच करावे लागेल. शिंदखेडा, शिरपूर, शहादा व सुरत येथील याद्या शेजारी ठेवून गावनिहाय नकाशा करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात झेपेल असे काम आहे.

सुरतेच्या शाळांतून हे आडनाव आता गुजराती लिपीत लिहिले जाते. ज्या प्रांताच्या महसुली भाषेतून 'गिरास' हा शब्द तापीच्या वरच्या अंगाला गेला, तिथे तो मराठी 'ए' घेऊन परत आला आहे. आणि वर्गात शेजारच्या बाकावर 'गरासिया' आडनावाचा विद्यार्थी असला, तरी दोघांच्या नावांचे मूळ एकच आहे, हे बहुधा त्या दोघांनाही ठाऊक नसते.